वरच्या वाऱ्यावर अंमल कोणाचा?

अलिबागच्या किनाऱ्यावर, जेथे समोरचा कुलाब्याचा किल्ला भरतीच्या वेळी बेट होतो आणि ओहोटीच्या वेळी पुन्हा जमिनीला येऊन मिळतो, आणि जेथून जवळच शंभराहून अधिक वर्षे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नाडी धरून बसलेली वेधशाळा आहे, तेथील एका बाकावर गेली काही वर्षे मी संध्याकाळचा तासभर घालवीत आलो आहे. आणि समुद्राइतकेच मन रमवणारे असे जे काही मला तेथे लाभले, ते म्हणजे त्याच बाकावर बसणाऱ्या दोन वडीलधाऱ्या माणसांचा कधीही न संपणारा वाद. त्यांपैकी एक भाऊसाहेब. कारकुनापासून तहसीलदारापर्यंत महसूल खात्याची प्रत्येक पायरी चढलेले, आणेवारीच्या तक्त्यात बसल्या जागी भरलेले आकडे एका नजरेत ओळखणारे, आणि ज्याला कागदाचा आधार नाही ते खरे मानण्याची घाई आयुष्यात कधीही न केलेले असे हे गृहस्थ. दुसऱ्या, ज्यांना सारे गाव नुसते ‘बाई’ म्हणते त्या, तीस वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. ज्या विषयावर त्यांचे प्रेम आहे तो निघाला म्हणजे त्यांच्या आवाजात एक प्रकारची निकड येते, आणि समोरच्याला तो पटला नाही तर त्यांना ते मनापासून लागते. मार्चच्या एका संध्याकाळी या दोघांत जो संवाद झाला, तो माझ्या स्मरणात जसा राहिला तसा येथे देत आहे.

भाऊसाहेब : बाई, आज वर्तमानपत्रात वाचले, की सूर्यावरील डाग वाढले म्हणजे अंतराळाच्या सीमेवरील वारे बदलतात. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरांवर. त्याच्या तेजात अकरा वर्षांच्या फेऱ्यात पडणारा फरक किती, तर हजारात एक, हे मागे तुम्हीच मला सांगितले होते. जिल्ह्याच्या वसुलात हजारामागे एका रुपयाची तूट आली, तर आमच्या कचेरीत कोणी मान वर करून पाहत नसे. एवढ्याशा फरकाने वारे बदलतात हे मी कोणत्या पुराव्यावर मानावे?

बाई : तुम्ही एकूण जमेवरून निकाल देता आहात, भाऊसाहेब, आणि घोटाळा तिथेच आहे. जिल्ह्याच्या एकूण जमेत हजारात एकाचाच फरक पडला, पण तो सबंध फरक हिरड्याच्या उत्पन्नात पडला, आणि एखाद्या डोंगरी वाडीचे सारे पोट त्या हिरड्यावरच असले, तर त्या वाडीच्या दृष्टीने ते साल कसे गेले म्हणायचे? पृथ्वीपाशी सूर्यतेज एका चौरस मीटरवर सुमारे १,३६० वॅट पडते. त्यातला जंबुपार पट्ट्याच्या अगदी पलीकडच्या टोकाचा, क्ष-किरणांच्या हद्दीला लागून असलेला भाग वॅटच्या काही हजारांशाएवढाच असतो. पण हा भाग जमिनीपर्यंत कधी उतरतच नाही. शंभर किलोमीटरांच्या वरची विरळ हवा तो सगळा गिळून टाकते. तिची कमाई तीच. आणि नेमका हाच भाग सौरचक्राच्या तळापासून शिखरापर्यंत दुप्पट-तिप्पट होतो. ज्या सालांत सूर्यबिंब निष्कलंक असते, त्या सालांत तिथले तापमान ७००-८०० केल्विन, आणि डागांनी भरलेल्या सालांत १,२०० च्याही वर जाते.

भाऊसाहेब : आणि हवा तापली की फुगते. म्हणजे आमची स्कायलॅब!

येथे भाऊसाहेबांचा चेहरा एकदम तरुण झाला. १९७९ च्या जुलैत ते मामलेदार कचेरीत नवे लागलेले कारकून होते, आणि त्या पंधरवड्यात कचेरीच्या ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडी, मग तो सातबाराच्या उताऱ्यासाठी आलेला असो की तगाईच्या अर्जासाठी, एकच प्रश्न होता, की ते आकाशातले यंत्र आपल्या गावावर पडणार की काय. एका म्हाताऱ्याने तर साऱ्याचे पैसे आणूनही ते हातात धरून ठेवले होते. सरकारच उद्या राहणार नसेल तर भरणा कोणाकडे करायचा, हा त्याचा सवाल होता, आणि त्याला काय उत्तर द्यावे हे भाऊसाहेबांना त्या वेळी सुचले नव्हते. ११ जुलैला स्कायलॅब पडली ती हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात. १९७३ साली सोडलेली ही प्रयोगशाळा १९८३ पर्यंत वर राहील असा जो अंदाज होता तो सूर्याने चुकवला: त्याची सक्रियता अपेक्षेहून अधिक वाढली, वरची हवा फुगून उंच चढली, आणि त्या हवेच्या घर्षणाने स्कायलॅबची कक्षा अकाली खाली आली.

भाऊसाहेब : तेव्हा हवा फुगते हे मला मान्य आहे, तो दाखला मी स्वतः पाहिला आहे. पण फुगणे म्हणजे वाहणे नव्हे. तुम्ही वाऱ्याची गोष्ट करता आहात.

बाई : फुगणे सगळीकडे सारखे झाले असते, तर वारा झालाच नसता. पण ते दिवसाच्या बाजूला होते, रात्रीच्या बाजूला होत नाही. आता आपल्या अंगावर येतो आहे तो खारा वारा. दुपारभर जमीन तापली, तिच्यावरची हवा वर गेली, आणि तिची जागा भरायला समुद्रावरून थंड हवा आली. पहाटे याच्या उलट मतलई सुटेल. किनाऱ्यावरचा हा वारा थंडाकडून उष्णाकडे वाहतो. कोळ्याच्या पोरालाही ते ठाऊक असते. पण या खाऱ्या वाऱ्याच्या पुष्कळ वर, जमिनीवरून चढलेली हवा पुन्हा समुद्राकडे परतत असते, ते आपल्याला दिसत नाही. वरच्या थरातला वारा त्या परतीच्या वाऱ्यासारखा आहे. दिवसाच्या बाजूची हवा उंच उचलली जाते, म्हणून एकाच उंचीवर मोजले तर तिथे दाब अधिक, रात्रीच्या बाजूला कमी. आणि वारा उष्ण दिवसाकडून थंड रात्रीकडे, पृथ्वीला वळसा घालीत धावतो. अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवर त्याची गती सेकंदाला शंभर-दोनशे मीटर, म्हणजे ताशी चारशे-सातशे किलोमीटर, ही नित्याची गोष्ट आहे.

भाऊसाहेब : ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ आपल्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले, तेव्हा वारा ताशी शंभर-सव्वाशेच्या पलीकडे फारसा नव्हता, आणि तेवढ्यात आपल्या माडा-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या. तुमचा वारा त्याच्या चौपट-पाचपट, आणि तरी कोणाच्या घराचे कौल हलत नाही. ज्याने पान हलत नाही त्याला वारा म्हणण्याचा हक्क काय?

बाई : तीनशे किलोमीटरांवर हवा इथल्याहून हजारो कोटी पटींनी विरळ आहे, म्हणून पान हलत नाही. पण तो काय हलवतो ते पाहायचे असेल, तर वर पाहायला नको. ते आपल्या मागे, या वेधशाळेत, रोज लिहिले जाते आहे.

यानंतर बाईंनी जे सांगितले ते मी त्यांच्या तोंडून पूर्वीही ऐकले होते, आणि तरीही प्रत्येक वेळी ते मला नव्याने गुंतवून ठेवते. विद्यार्थिदशेत त्यांनी अशा एका वेधशाळेतली अंधारी खोली पाहिली होती. एका धाग्याला टांगलेला लहानसा चुंबक, त्याला चिकटवलेला आरसा, आरशावर सोडलेली प्रकाशाची तिरीप, आणि परावर्तित तिरीप जिच्यावर पडते ती संथपणे फिरणाऱ्या नळकांड्यावरची प्रकाशसंवेदी कागदाची गुंडाळी. चोवीस तासांनी तो कागद काढून लाल दिव्याच्या उजेडात धुतला, आणि रसायनाचा उग्र वास मारणाऱ्या त्या पाण्यातून एक बारीक काळी रेषा हळूहळू उमटून आली. ती सरळ नव्हती. रात्रभर ती शांत होती, सूर्योदयानंतर तिने चढायला सुरुवात केली, दुपारच्या सुमारास माथा गाठला आणि संध्याकाळी पुन्हा मूळ जागी आली. अलिबागचे क्षितिजसमांतर चुंबकीय बल अडतीस हजार नॅनोटेस्लांच्या आसपास. त्यावरचा हा रोजचा उंचवटा पन्नासाच्या आगेमागे. एवढा लहान, आणि एवढा नेमाचा.

बाई : जॉर्ज ग्रॅहॅमने १७२२ साली लंडनमध्ये सुईची ही रोजची चाल प्रथम पाहिली. तिचे कारण दीडशे वर्षे कोणाला सापडले नाही. १८८२ साली बाल्फोर स्ट्यूअर्टने म्हटले, की वरच्या हवेत वीज वाहू शकत असली पाहिजे, आणि ती हवा सूर्याच्या उष्णतेने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून हलत असली पाहिजे. डायनामोत तार फिरावी तसा तिथे वारा फिरतो, प्रवाह उत्पन्न होतो, आणि त्या प्रवाहाने खालची सुई हलते. मार्कोनीचा संदेश अजून अटलांटिकपार गेला नव्हता, आयनांबराला ते नावही मिळाले नव्हते. अॅपल्टनने त्या थराचे अस्तित्व सिद्ध केले ते १९२४ साली. म्हणजे थर हाती लागण्यापूर्वी चाळीस वर्षे त्यातल्या वाऱ्याचा माग या सुईने दिला होता. आणि भाऊसाहेब, या प्रवाहाचे स्थान पृथ्वीच्या पोटात नसून डोक्यावर आहे, हे आर्थर शुस्टरने १८८९ साली गणिताने दाखवले, ते कोणत्या नोंदींवरून? ग्रीनिच, लिस्बन, सेंट पीटर्सबर्ग, आणि मुंबई. तिथली आपली कुलाबा वेधशाळा.

भाऊसाहेब : (थोडे थांबून) कुलाब्याचे दप्तर.

बाई : तेच. १८४१ पासूनचे. पुढे मुंबईत विजेची ट्राम येणार हे दिसू लागले, तेव्हा तिच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून संचालक नानाभाई मूस यांनी ही वेधशाळा इथे आणली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले, म्हणजे जुनी नोंद आणि नवी नोंद यांच्यात खंड राहू नये.

जुन्या खातेवहीची बाकी नव्या खातेवहीत बिनचूक ओढून घेण्याची ही दक्षता भाऊसाहेबांना जितकी कळली, तितकी ती आम्हा इतरांना कळणे कठीण आहे. ते काही वेळ नुसते समुद्राकडे पाहत राहिले. पण त्यांच्यातला उलटतपासणी करणारा माणूस फार काळ गप्प बसत नाही.

भाऊसाहेब : ही रोजची चाल डागांच्या सालांत मोठी होते का?

बाई : होते. १८५० नंतर लवकरच ते अनेकांच्या ध्यानात आले.

भाऊसाहेब : मग माझी हरकत ऐका. तुमच्या डायनामोत दोन गोष्टी आहेत: एक वारा, दुसरी हवेची वीज वाहून नेण्याची शक्ती. सूर्याचे हे किरण वाढले की हवेतले विद्युत्कण वाढणार, म्हणजे ती शक्ती वाढणार. वारा होता तसाच राहिला तरी प्रवाह वाढेल आणि सुई अधिक हलेल. जेथे दोन भागीदारांच्या नावाने एकच रक्कम जमा आहे, तेथे त्यातली किती कोणाची, हे नुसत्या रकमेवरून कसे ठरवणार? तुमची सुई वारा आहे एवढे सांगते. सूर्याने वारा वाढवला असे ती सांगत नाही.

बाईंनी भाऊसाहेबांकडे ज्या नजरेने पाहिले, ती उत्तम विद्यार्थी सापडलेल्या शिक्षकाची नजर होती. माझ्या मते त्या संध्याकाळच्या साऱ्या वादातला हा सर्वांत मोलाचा क्षण होता, कारण येथे दोघेही आपापली बाजू सोडून प्रश्नाच्या बाजूला येऊन उभे राहिले.

बाई : हरकत मान्य. सुईच्या चालीतली ती वाढ बहुतांशी विद्युत्कणांमुळेच होते. वारा पाहायचा तर वाराच पाहिला पाहिजे, आणि आपल्या देशातल्या अवकाशसंशोधनाचा आरंभच त्या पाहण्याने झाला. २१ नोव्हेंबर १९६३ ची संध्याकाळ, त्रिवेंद्रमजवळचे थुंबा. विक्रम साराभाईंनी ते कोळ्यांचे गाव निवडले, कारण चुंबकीय विषुववृत्त तिथून जाते. अमेरिकेहून आलेले नाइके-अपाची रॉकेट, आणि त्याच्या डोक्यात फ्रान्सहून आलेले सोडियमच्या वाफेचे पात्र. सूर्य मावळला होता, जमिनीवर काळोख उतरत होता, पण वरती अजून ऊन होते. आणि त्या उन्हात सोडियमची वाफ पेटल्यासारखी नारिंगी झाली.

भाऊसाहेब : आणि तिच्यावरून वारा मोजला?

बाई : तेवढ्यासाठीच ती सोडली होती. प्रथम ती शाईच्या रेघेसारखी सरळ असते. मग एका उंचीवर ती एका बाजूला ओढली जाते, थोड्या वर उलट बाजूला, आणि काही मिनिटांत आकाशात कोणी मोडीतले अक्षर गिरवावे तशी ती वेडीवाकडी होते. दूर दूर ठेवलेल्या कॅमेऱ्यांनी एकाच वेळी तिची छायाचित्रे घेतली, की कोणत्या उंचीवर कोणत्या दिशेला किती गतीने वारा आहे हे त्रिकोणमितीने निघते. शंभर किलोमीटरांच्या आसपास तर थोड्याशा उंचीच्या फरकात वारा अगदी उलटा होतो. त्याच्याही वरचा वारा मोजायची दुसरी रीत अशी: अडीचशे किलोमीटरांवरचा ऑक्सिजन रात्री मंद तांबडा उजळतो, डोळ्यांना तो दिसत नाही, यंत्राला दिसतो. आगगाडी जवळ येताना तिची शिट्टी चढी वाटते आणि दूर जाताना उतरती, तसा त्या तांबड्या प्रकाशाचा रंग वाऱ्याबरोबर केसभर सरकतो. तेवढे सरकणे मोजले की वारा मोजला. १९८१ पासून उपग्रहांतूनही हे वारे मोजलेले आहेत.

भाऊसाहेब : आणि त्या सगळ्या मोजणीत काय निघाले? डागांच्या सालांत वारा दुप्पट?

बाई : नाही. इथेच ही गोष्ट मला फार सुंदर वाटते. रेटा वाढतो, कारण दिवस आणि रात्र यांच्या दाबातले अंतर वाढते. पण त्याच किरणांनी हवेतले विद्युत्कणही वाढवलेले असतात. तिथल्या हजार कणांत एखादाच विद्युत्कण असतो, पण तो पृथ्वीच्या चुंबकीय रेषेला खुंट्याला बांधलेल्या गुरासारखा बांधलेला असतो; वाऱ्याबरोबर तो मोकळेपणी जात नाही, आणि त्याच्यावर आदळून आदळून वाऱ्याची गती मोडते. म्हणजे सूर्य एका हाताने आसूड ओढतो आणि दुसऱ्या हाताने लगाम खेचतो. म्हणून दिवसाचा वारा सक्रिय सालांत त्या प्रमाणात वाढत नाही. रात्री मात्र विद्युत्कण विरत जातात, लगाम सैल पडतो, आणि वारा उधळतो. तुम्ही विचारले ना, सूर्याने वारा वाढवला का? त्याने वाऱ्याचा स्वभाव बदलला, असे मी म्हणेन. खाली आपले मोठे वारे पृथ्वीच्या फिरण्यामुळे दाबाच्या रेषांना समांतर वळतात. वर हा लगाम इतका घट्ट असतो, की वारा त्या रेषा ओलांडून बराचसा सरळ, जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो.

भाऊसाहेब : हे तुम्ही सांगता, पण लॉर्ड केल्विनसारख्या माणसाने सूर्याच्या प्रभावाचा हा दावा फेटाळला होता. तुमच्याच कपाटातल्या पुस्तकात वाचले. १८९२ साली रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून त्यांनी हिशेब मांडला, की १८८५ च्या जूनमधले आठ तासांचे एक चुंबकीय वादळ, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वातली मोठी खळबळ, सूर्याने पाठवले म्हणायचे, तर प्रकाश आणि उष्णता यांच्या रूपाने तो चार महिन्यांत जेवढे खर्चतो तेवढे त्याने त्या आठ तासांत खर्चले पाहिजे. सबब डाग आणि वादळे यांचा मेळ हा निव्वळ योगायोग. मला तो निकाल मोठा रोखठोक वाटला.

बाई : गणितात चूक नव्हती, गृहीतात होती. सूर्य आपली शक्ती चुंबकीय लहरींच्या रूपाने दाही दिशांना सारखी उधळतो, असे त्यांनी धरले. सूर्य तसे करत नाही. तो एखाद्या दिशेला विद्युद्भारित वायूचा लोट सोडतो, आणि तो लोट आपले चुंबकत्व बरोबर घेऊन येतो. केल्विनसाहेबांनी सबंध इलाख्याचा खर्च मांडला. प्रत्यक्षात जासूद एकाच गावाला पाठवला होता. १ सप्टेंबर १८५९ ला रिचर्ड कॅरिंग्टन इंग्लंडात सूर्यबिंबाचे चित्र काढीत असता डागांच्या समूहावर दोन पांढरे ठिपके लखकन उजळले आणि काही मिनिटांत विझले. साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर आले. मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती, आणि कुलाब्याचे निरीक्षक डोळ्यांनी आकडे वाचून वहीत उतरवीत होते. चुंबकीय बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळले. रोजचा चढ पन्नासाचा, आणि ही घसरण सोळाशेची. २००३ साली आपल्या भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह ती दप्तरे पुन्हा उघडली, आणि त्या वादळाचे मोजमाप त्या एका वहीतून जगाला मिळाले.

भाऊसाहेब : कोण होते ते निरीक्षक, ज्यांनी असा आकडा पाहूनही ‘यंत्र बिघडले’ म्हणून तो खोडला नाही?

या प्रश्नावर दोघेही थोडा वेळ स्तब्ध राहिली. मीही राहिलो. नेहमीच्या आकड्यांच्या मधोमध असा अविश्वसनीय आकडा जसाच्या तसा लिहून ठेवणारा तो हात कोणाचा होता, याचा विचार त्या वेळेपासून माझ्या मनातून गेलेला नाही.

बाई : अशा वादळात वाऱ्याचे राज्यच उलथते. ध्रुवांभोवती शे-सव्वाशे किलोमीटर उंचीवर प्रचंड प्रवाह वाहू लागतात, विजेच्या शेगडीसारखी तिथली हवा तापते, आणि एरवी दिवसाकडून रात्रीकडे जाणारा वारा आता ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे लोटतो. ध्रुवप्रदेशात त्याची गती सेकंदाला पाचशे मीटरांच्या पलीकडे, कधी हजाराच्याही घरात जाते. त्याची लाट काही तासांत आपल्या डोक्यावर येते. पृथ्वीच्या फिरण्याने हे वारे पश्चिमेकडे वळतात, आपला वेगळा डायनामो चालवतात, आणि वादळ शमून गेल्यावर दुसऱ्या दिवशीही अलिबागच्या सुईची चाल मोडकीतोडकी उमटते. १० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानलेच्या आकाशात जी तांबडी झाक दिसली, तीही अशाच एका वादळाची.

भाऊसाहेब : ठीक आहे. वादळात अंमल सूर्याचा. पण तो एकटाच सत्ताधीश आहे हे मी मानत नाही. १५ जानेवारी २०२२ ला टोंगाचा ज्वालामुखी फुटला, तेव्हा अंतराळाच्या सीमेवर ताशी सातशे किलोमीटरांहून अधिक गतीचे वारे उपग्रहाने मोजले, असे मी वाचले आहे. तो हुकूम सूर्याचा नव्हता. तो खालून गेला होता.

बाई : अगदी बरोबर, आणि ज्वालामुखी लागतोच असे नाही. आपल्या वळवाच्या ढगांतूनही लहरी वर जातात, आणि हवा विरळ होत जाते तशा त्या मोठ्या होतात. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भूचुंबकत्व संस्थेचे रडार ऐंशी ते शंभर किलोमीटरांवरचे वारे टिपते. त्या उंचीवर खालून आलेल्या लाटांचाच जोर फार. सुईला रोज हलवणाऱ्या वाऱ्याचाही मोठा हिस्सा ओझोनने आणि बाष्पाने खाली पकडलेल्या उन्हाचा, भरती-ओहोटीसारखा वर चढलेला असतो. तेव्हा तीनशे किलोमीटरांवर थेट अंमल सूर्याचा. शंभरावर दोघांचा सामाईक.

भाऊसाहेब : आणि तीस किलोमीटरांवर?

बाई : (उत्साहाने) तिथेही काही आहे! विषुववृत्तावर वीस-तीस किलोमीटर उंचीवरचा वारा दर अठ्ठावीस महिन्यांच्या सुमारास पूर्वेचा पश्चिमेचा होतो, पश्चिमेचा पूर्वेचा. बर्लिनच्या कारिन लाबित्स्के यांनी १९८७ साली दाखवले, की तो वारा पश्चिमेचा असतो अशाच सालांचे हिवाळे वेगळे काढले, तर उत्तर ध्रुवावरच्या त्या थराचे तापमान सौरचक्राबरोबर चढते-उतरते. आणि कारणही दिसते: ओझोन जे जंबुपार किरण गिळतो, ते सौरचक्रात काही टक्क्यांनी बदलतात. आदित्य-एल१ या अंतराळयानावर पुण्याच्या आयुका संस्थेने बांधलेली जी दुर्बीण आहे ती सूर्य पाहते तो नेमका याच किरणांत...

भाऊसाहेब : थांबा, बाई. १९८७ पर्यंत अशा नोंदी किती सौरचक्रांच्या होत्या?

बाई : तिनांच्या आसपास.

भाऊसाहेब : तीन. त्यांतही निम्मी साले बाजूला काढलेली. बाई, १८७७ साली, दख्खनेत आणि मद्रासेत माणसे रस्त्यावर मरून पडत असताना, विल्यम हंटर आणि नॉर्मन लॉकियर यांनी असाच एक लेख लिहिला: सूर्यावरचे डाग आणि दुष्काळ. डाग कमी की पाऊस कमी. आकडे मद्रासचे होते, मेळ मोठा छान बसला होता, आणि अकरा वर्षांआधी दुष्काळाची वर्दी मिळेल अशी आशा लोकांना वाटली. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी पावसाच्या साऱ्या नोंदी गणिताने तपासल्या, तेव्हा तो संबंध इतका दुबळा निघाला, की त्यावर एकाही गावाची आणेवारी कोणी लावू नये. मी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. खडी फोडणाऱ्या बाया पाहिल्या आहेत. त्या साली सूर्य ना शिखरावर होता ना तळाला. तुमच्या तीनशे किलोमीटरांवरच्या वाऱ्याबद्दल मला शंका उरली नाही, कारण तुम्ही प्रत्येक टप्प्याचा दाखला दिलात: किरण कुठे अडतो, हवा किती तापते, कोणत्या बाजूला फुगते, कोण अडवते, कोण मोजते. खालच्या वाऱ्याबद्दल मात्र तुमच्याजवळ मेळ आहे, मधले टप्पे पुरते नाहीत. आणि खालचा वारा म्हणजे पाऊस. तिथे चुकीची वर्दी दिली तर माणसे मरतात.

बाईंना हे लागले, हे मला दिसले. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. नंतर शांतपणे त्यांनी मान्य केले, की पावसाच्या बाबतीत त्या स्वतःही कोणतीच वर्दी देणार नाहीत. परंतु ओझोनच्या थरातला दावा त्यांनी मागे घेतला नाही, कारण तेथे निदान पहिला टप्पा, म्हणजे किरण कोठे अडतो हा, निश्चित आहे, आणि १९८७ नंतर आणखी चक्रांच्या नोंदी जमल्या आहेत. भाऊसाहेब म्हणाले, की तो दावा ते दाखल करून घेतात, फैसला राखून ठेवतात. माझा स्वतःचा कल येथे भाऊसाहेबांकडे आहे. पण पहिला टप्पा हाती असताना दुसऱ्याचा शोध सोडू नये ही बाईंची जिद्दही मला तितकीच न्याय्य वाटते, आणि पुण्यात घडलेली ती दुर्बीण अंतराळात बसून रोज जे टिपते आहे त्याची वाट मीही बाईंइतक्याच आतुरतेने पाहतो आहे.

एव्हाना सूर्य बुडाला होता. किल्ल्याच्या बुरुजावरचा उजेड गेला, पश्चिमेला एक पिवळसर पट्टा तेवढा राहिला. खारा वारा पडला होता, आणि मतलई सुटायला अजून पुष्कळ अवकाश होता. माडाची झावळीसुद्धा हलत नव्हती.

भाऊसाहेब : बाई, आत्ता या घडीला वर काय चालले असेल?

बाई : अडीचशे किलोमीटरांवर अजून ऊन आहे. थोड्या वेळाने तेही जाईल, विद्युत्कण विरू लागतील, लगाम सुटेल. सर्वांत तापलेली हवा आता आपल्या पश्चिमेला, थंड रात्र पूर्वेला. म्हणून वारा पूर्वेकडे निघालेला आहे, आणि मध्यरात्रीपर्यंत तो थांबायचा नाही.

भाऊसाहेबांनी पूर्वेकडे तोंड केले, आणि वाऱ्याची दिशा अजमावण्यासाठी किनाऱ्यावरचा माणूस करतो तसा आपला गाल किंचित वर धरला.